स्तंभ फुटण्याआधीची रात्र : मेलट्टूरचा प्रल्हाद-प्रयोग आणि ‘मी’च्या भयाचा खेळ

मराठीत ‘खेळ’ हा शब्द तीन ठिकाणी सारख्याच सहजतेने वापरला जातो. मुले खेळतात तो खेळ, दशावतारी मंडळी रात्रभर करतात तोही खेळ, आणि अंगात वारे आलेल्या माणसाविषयी ‘देव खेळतो’ असे म्हटले जाते तेव्हाही क्रियापद तेच असते. विद्यापीठीय परिभाषेने यांतील पहिल्याला क्रीडा, दुसऱ्याला नाट्य आणि तिसऱ्याला विधी अशी नावे देऊन प्रत्येकाचा अभ्यास वेगळ्या विभागाकडे सोपवला. विभागणी सोयीची आहे, पण तिच्यामुळे एक प्रश्न विचारायचा राहून गेला. जो खेळ भीतीसाठीच रचलेला असतो, त्यात भिणारा नेमका कोण असतो? संगणकाच्या पडद्यावरील ज्या खेळांना गेली तीन दशके ‘सर्व्हायव्हल हॉरर’, म्हणजे भयातून जीव वाचवण्याचा खेळ, असे म्हटले जाते आणि ज्यांत खेळणारा पात्राच्या डोळ्यांनीच पाहतो, त्यांनी हा प्रश्न नव्याने उभा केला आहे. मात्र त्याचे एक जुने आणि अधिक अवघड उत्तर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील काही गावांनी प्रयोगातून देऊन ठेवले आहे. त्या गावांचा मराठी वाङ्मयेतिहासाशी जवळचा संबंध आहे, हे या इतिहासानेच फारसे लक्षात घेतलेले नाही.

मेलट्टूर हे तंजावरच्या ईशान्येकडे सुमारे १८ किलोमीटरवर असलेले गाव. नायक राजा अच्युतप्प याने येथे ५१० ब्राह्मण कुटुंबांना घर, विहीर आणि जमीन देऊन वसवले, असे परंपरा सांगते. संगीत आणि नाट्य जाणणारी घराणी त्यांत होती. १६७०च्या दशकात व्यंकोजी भोसले तंजावरच्या गादीवर आले, पण सत्ता बदलली तरी या गावांची इनामे आणि त्यांतील विद्या मोडली नाही. व्यंकोजींचा पुत्र शहाजी (राज्यकाल १६८४–१७१२) स्वतः नाटककार होता. त्याच्या नावावरील मराठी नाटके आपल्याकडील नाट्येतिहासाच्या आरंभीच्या प्रकरणात येतात, आणि तेथेच तंजावरचा विषय बहुधा संपतो. त्याच शहाजीचे ‘पंचभाषाविलास’ संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत बोलते, आणि ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ तेलुगूत आहे. राजा भाषांमध्ये कुंपणे घालत नव्हता. ती नंतर इतिहासकारांनी घातली. मराठी अमलाखालील खेड्यांत तेलुगू भाषेत, तमिळ श्रोत्यांसमोर जे उभे राहिले ते ‘आपले’ की ‘परके’, याचा निर्णय होईना म्हणून ते वगळले गेले, असे म्हणावे लागते.

जे उभे राहिले ते भागवत मेळा. मेलट्टूर, शालियमंगलम, ऊत्तुक्काडु, शूलमंगलम, नल्लूर आणि तेप्पेरुमानल्लूर ही त्याची गावे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी मेलट्टूरच्या वेंकटराम शास्त्रींनी या मेळ्यासाठी दहा-बारा तेलुगू नाट्यप्रबंध रचले. ‘प्रल्हादचरित्रम्’ त्यांतले मुख्य. त्यांच्या हयातीतच सरफोजी दुसरे (१७९८–१८३२) गादीवर आले. राजधानीत सरस्वती महालाचा संग्रह वाढत होता, आणि तेथून चार-पाच कोसांवर वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंहजयंतीच्या रात्री, वरदराज पेरुमाळाच्या देवळासमोर रस्त्यावरच रंग उभारला जात होता.

हा काळ साधारण मे महिन्याचा. मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाल्यापासून कालव्यांना पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून ही आहे. म्हणजे नृसिंहजयंतीच्या सुमारास पीक निघालेले, पाट कोरडे आणि माणसे मोकळी असतात. प्रयोग रात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. देव देवळातून रंगाकडे पाहत असतो, त्यामुळे पहिला प्रेक्षक तोच. सर्व भूमिका पुरुष करतात. आधी कोणंगी हा विदूषक नाचून जातो, गणपतीचा मुखवटा लावलेले एक लहान मूल येते, आणि मग प्रत्येक मोठ्या पात्राचा प्रवेश त्याच्या स्वतंत्र ‘दरु’ने, म्हणजे प्रवेशपदाने होतो. पात्र दिसण्यापूर्वी त्याचे वर्णन ऐकू येते. हिरण्यकशिपू येतो, लीलावती येते, प्रल्हाद येतो. पुढे कित्येक तास आईचा आकांत, बापाचा संताप आणि मुलाचा शांत हट्ट यांचे गायन आणि अभिनय चालतो. नृसिंह मात्र येत नाही. तो येणार हे लहान मुलांनाही ठाऊक असते. सगळी रात्र त्या एका उशिरावर तोललेली असते.

नृसिंहाचा मुखवटा हे इतर मुखवट्यांसारखे रंगसाहित्य नव्हे. तो देवळात ठेवला जातो आणि त्याची पूजा होते. तो धारण करणाऱ्याने उपवास आणि सोवळे पाळायचे असते. खांब फुटून नृसिंह प्रकट झाला की त्याला काही माणसे धरून ठेवतात, कारण त्या क्षणानंतर तो नट राहत नाही अशी सर्वांची समजूत असते, आणि पुष्कळदा तसे दिसतेही. हिरण्यकशिपू त्याच्यासमोर आव्हान देत, पुढे-मागे होत राहतो. वध मात्र साक्षात दाखवला जात नाही. नृसिंहाच्या सोंगाने हिरण्यकशिपूच्या सोंगाला खरोखरीच फाडले, अशा कथा नृसिंहनाट्य असलेल्या बहुतेक प्रदेशांत सांगितल्या जातात. ओडिशातील गंजाम भागाच्या ‘प्रल्हाद नाटका’तही मुखवट्याचे पूजन आणि नटाला आवरून धरणे आहे. इतिहास म्हणून या कथांना पुरावा नाही. पण त्या खेळाचा नियम सांगतात. येथे एक मर्यादा आहे, ती ओलांडली जाऊ शकते, म्हणून माणसे उभी केली आहेत.

संस्कृत काव्यशास्त्राच्या चौकटीत हा प्रसंग बसवू गेल्यास अडचण येते, आणि तीच येथे महत्त्वाची आहे. भरताने भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाज, सत्त्वदर्शन, कोल्ह्या-घुबडांपासून वाटणारा त्रास, ओसाड घरात किंवा अरण्यात जाणे यांची नोंद केली आहे. संगणकीय भयखेळाच्या कोणत्याही रचनाकाराला ही यादी जशीच्या तशी वापरता येईल, इतकी ती नेमकी आहे. पण भरताच्या मते खरे भय स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचे. उत्तम नायक भ्यायलाच, तर गुरू किंवा राजा यांच्यापुढे विनयाने भ्याल्याचे दाखवतो. भीतीला नायकपद नाही. अभिनवगुप्ताने इसवी सनाच्या १०००च्या आसपास याहून मूलभूत विचार मांडला. ‘मी भ्यालो’, ‘हा भ्याला’, ‘शत्रू भ्याला’ अशा प्रतीती व्यक्तीशी जखडलेल्या असतात आणि म्हणून रसास्वादात विघ्न आणतात, असे तो म्हणतो. शाकुंतलातील बाणाच्या भीतीने मान वळवून पळणारे हरिण पाहताना प्रेक्षकाला जे भय प्रतीत होते, ते कोणाचेच नसते. देश, काळ आणि व्यक्ती यांतून सुटलेले ते भय असते आणि म्हणूनच आस्वाद्य होते. थोडक्यात, प्रथमपुरुषी एकवचनातील भय हे कलेचे अपयश आहे. जो प्रेक्षक स्वतः घाबरून उठतो, त्याच्यापुरते नाटक संपलेले असते.

प्रथमपुरुषी भयखेळ नेमके हेच अपयश साध्य म्हणून स्वीकारतो. त्याचा इतिहास फार लांब नाही. ‘थ्रीडी मॉन्स्टर मेझ’ हा माल्कम इव्हान्स यांनी सिंक्लेअर झेडएक्स-८१ या स्वस्त घरगुती संगणकासाठी रचलेला खेळ १९८२ मध्ये बाजारात आला. चक्रव्यूहासारखी बोळे, त्यांत एक डायनासोर आणि बाहेर पडण्याचा एक मार्ग, एवढाच त्याचा ऐवज. खेळणाऱ्याला समोरची बोळ दिसते, स्वतःचे शरीर दिसत नाही. त्या यंत्राला आवाजच नव्हता. म्हणून श्वापद दबा धरून आहे, शोधत आहे, पावले जवळ येत आहेत, त्याने पाहिले आहे, हे सारे पडद्याच्या तळाशी शब्दांतून सांगितले जाई. साहित्याच्या अभ्यासकाला यात रस वाटावा. पडद्यावरील ‘मी’चे भय आधी वाक्यांतून जन्मले, आणि श्वापद दिसण्यापूर्वी त्याचा प्रवेश शब्दांनी घोषित झाला. मेलट्टूरच्या प्रवेश-दरूचे कार्य याहून फार वेगळे नाही.

‘सर्व्हायव्हल हॉरर’ हे नाव रूढ झाले ते जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) या खेळामुळे. शिन्जी मिकामी त्याचे दिग्दर्शक. त्याला कॅपकॉमच्याच ‘स्वीट होम’ (१९८९) या खेळाचा आधार होता. ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये दृष्टी प्रथमपुरुषी नव्हती. खोलीच्या कोपऱ्यात टांगल्यासारख्या स्थिर कॅमेऱ्यातून पात्र दुरून दिसे. भय निर्माण होई ते टंचाईतून. गोळ्या मोजक्या, पिशवीत जागा थोडी, आणि खेळ जपून ठेवायचा तर टंकलेखन यंत्राची शाईफीत खर्चावी लागे, त्याही मोजक्याच. दृष्टी पुन्हा डोळ्यांच्या जागी आली आणि हातातून शस्त्र गेले, तेव्हा या प्रकाराने खरे वळण घेतले. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्सच्या ‘अम्नेशिया : द डार्क डिसेंट’मध्ये (२०१०) खेळणाऱ्याकडे शस्त्र नाही. कंदील आहे, पण तेल संपते. अंधारात राहिले तर मन ढळू लागते, आणि उजेड केला तर राक्षसाला दिसण्याचा धोका वाढतो. राक्षसाकडे टक लावून पाहणेही मनाला सोसत नाही. म्हणजे ज्याला पाहण्यासाठी हा सारा प्रपंच, त्याच्याकडे पाहायचे नाही. कोपऱ्यात तोंड करून, श्वास ऐकत उभे राहायचे. ‘आउटलास्ट’ने (२०१३) कंदिलाऐवजी हाती कॅमेरा दिला. अंधारात दिसते ते त्याच्यातूनच, आणि त्याची बॅटरी उतरत जाते. ‘रेसिडेंट ईव्हिल’ची मालिकाही सातव्या भागात (२०१७) लुइझियानातील एका घरात प्रथमपुरुषी दृष्टीला आली. दारे उघडणारे स्वतःचे हात तेवढे दिसतात, बाकी ‘मी’ अदृश्य.

या खेळांची चाल सांगितली की प्रल्हादाची कथा वेगळी दिसू लागते. भागवताच्या सातव्या स्कंधातील हिरण्यकशिपूचा वर ही वस्तुतः एक नियमावली आहे. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, भूमीवर नाही, आकाशात नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, शस्त्राने नाही. ज्याने हे नियम मिळवले त्याने सर्व शक्यता मोजून आपला जीव सुरक्षित केला आहे, असे त्याला वाटते. नृसिंह नियम मोडत नाही. तो नियमांच्या सांध्यांत शिरतो: उंबरठा, संध्याकाळ, मांडी, नखे. खेळाच्या रचनेतील फट शोधणाऱ्या चतुर खेळाडूची ही चाल आहे, आणि तिचा बळी ठरतो तो नियमांवर सर्वाधिक विश्वास ठेवणारा. उलट प्रल्हाद हा नि:शस्त्र खेळाडू. विष, सर्प, हत्ती, अग्नी, कडेलोट या पायऱ्यांनी त्याच्यावरची संकटे चढत जातात. त्याच्याजवळ आत्मरक्षणाचे काही नाही. मात्र येथेच साम्य संपते, कारण प्रल्हाद भीत नाही. ‘अम्नेशिया’तील माणूस ज्या भयामुळे सावध राहतो आणि वाचतो, त्या भयाची प्रल्हादाला गरजच नाही. कथेत भिण्याचे काम इतरांवर पडते: आईवर, गुरुपुत्रांवर, आणि रस्त्यावर पहाटेपर्यंत बसलेल्या गावावर.

हे पर्यायाने होते असे नाही, ती निवड आहे. त्याच त्रिभुज प्रदेशात, तिरुवैयारूला, वेंकटराम शास्त्रींना काहीसे कनिष्ठ समकालीन असलेल्या त्यागराजांनी (१७६७–१८४७) ‘प्रल्हादभक्तिविजयमु’ हे तेलुगू संगीतनाटक रचले. त्यात हिरण्यकशिपूचा वध हा विषयच नाही. समुद्रात टाकलेल्या प्रल्हादाची हरिदर्शनाची ओढ हाच सारा विस्तार आहे. कथा तीच, भाषा तीच, नदी तीच. एकाने भय बाजूला सारून भक्तीचे गायन केले, दुसऱ्याच्या गावाने भयाला बसायला जागा करून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे कीर्तनकार तंजावरास आले आणि मराठी कीर्तनाची घडण तेथील हरिकथेत मुरली. हरिकथाही त्यागराजांच्या बाजूची. एकटा कथेकरी सर्व पात्रांची सोंगे आळीपाळीने घेतो, म्हणून कोणतेही सोंग त्याला पुरते घेरीत नाही. अभिनवगुप्ताला हे मान्य झाले असते.

मेलट्टूरच्या नृसिंहाबाबत त्याने काय म्हटले असते, हे सांगणे कठीण आहे. येथे साधारणीकरण मोडते, पण प्रेक्षकाच्या बाजूने नव्हे. ‘मी’ उभा राहतो तो मुखवट्याच्या आत. संगणकीय खेळात शिकार ‘मी’ असतो आणि राक्षस नेहमीच दुसरा. कावेरीकाठी शिकार कथेतला असुर आहे, आणि ‘मी’ होण्याचा धोका राक्षसाच्या जागी असलेल्या देवाला आहे. प्रथमपुरुष आहे, पण तो उलट्या टोकाला बसवलेला आहे. या अदलाबदलीचा परिणाम असा की प्रेक्षकाचे भय दुहेरी होते. कथेतला नृसिंह हिरण्यकशिपूला मारणार हे त्याला ठाऊक असते. त्याचे भय वाटत नाही, त्याची वाटच पाहिली जाते. भय वाटते ते समोर धरून ठेवलेला माणूस आवरेल की नाही याचे. एक भय रसाच्या नियमाने चालते, दुसरे त्या नियमाच्या बाहेरचे आहे. दोन्ही एकाच शरीरावरून वाचावी लागतात.

भयाच्या टिकाऊपणाचा प्रश्नही येथेच उलगडतो. पडद्यावरच्या खेळात मृत्यू फार वेळा येतो. मेलेला ‘मी’ शेवटच्या जपलेल्या ठिकाणी पुन्हा उभा राहतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी राक्षस कोणत्या दारातून येतो हे पाठ झालेले असते. पाठ झाले की भय ओसरते, उरते ते कौशल्य. ब्रिटनमधील क्रिएटिव्ह असेंब्लीच्या ‘एलियन : आयसोलेशन’ने (२०१४) यावर उपाय शोधला. त्यातील परग्रही श्वापदाच्या हालचाली आधीच आखून ठेवलेल्या नाहीत. खेळाची वरची यंत्रणा त्याला खेळाडूच्या आसपास वळवत राहते, पण नेमके स्थान त्याला स्वतःच्या कानांनी आणि डोळ्यांनी शोधावे लागते. खेळाडूचे हालचाल टिपणारे यंत्रसुद्धा आवाज करते आणि त्याला पोहोचू शकते. जे कळण्यासाठी वापरायचे, तेच दगा देते. तरी हा उपाय माहितीच्या पातळीवरचाच आहे. पुढे काय होईल हे कळू न देणे, एवढेच त्याचे तंत्र.

मेलट्टूरला माहिती लपवायची गरज नाही. कथा सर्वांना ठाऊक, क्रम ठाऊक, नृसिंह कोण होणार हेही ठाऊक. प्रयोग दर वर्षी होतो आणि भय झिजत नाही. तो येईल का, ही अनिश्चितता तेथे नाहीच. आला तर थांबेल का, ही आहे, आणि ती कोणत्याही वर्षीच्या पूर्वानुभवाने मिटत नाही. सूक्ष्म भेद आहे, पण भयाच्या काव्यशास्त्रात त्याला स्वतंत्र स्थान द्यायला हवे. हॉररच्या पाश्चात्त्य मीमांसेत रहस्य आणि धक्का यांवर बरेच लिहिले गेले. आवरण्याच्या कलेवर, म्हणजे त्या धरून ठेवणाऱ्या माणसांवर, जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही.

आणि ही माणसे प्रत्येक गावात उरली नाहीत. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजींच्या मृत्यूनंतर, औरस पुरुष वारस नसल्याने, तंजावरचे राज्य कंपनीने खालसा केले आणि गावांचा आश्रय आटला. पुढे वरील गावांपैकी काहींत मेळा थांबला. मेलट्टूरात भरतम् नटेश अय्यर यांनी तो सांभाळला. त्यांच्यानंतर पडलेला खंड १९३०च्या दशकाच्या अखेरीस बालू भागवतर आदींनी भरून काढला. १९५०च्या आसपास ई. कृष्ण अय्यर यांनी मद्रासच्या कलावर्तुळाचे लक्ष या गावाकडे वळवले, आणि क्लिफर्ड जोन्स यांनी १९६३ मध्ये अमेरिकन संशोधनपत्रिकेत त्यावर लिहिले. त्यानंतर ध्वनिचित्रमुद्रणे पुष्कळ झाली. त्यांत नृसिंह दिसतो, त्याला धरलेली माणसेही दिसतात. पाहणाऱ्याला मात्र ठाऊक असते की मुद्रण संपले तेव्हा सगळे सुखरूप होते, आणि तेवढ्याने दुसरे भय नाहीसे होते. दुसऱ्याने खेळलेल्या संगणकीय खेळाचे चित्रण पाहतानाही हेच घडते: बोळ तीच, श्वापद तेच, पण कळा दाबणारा हात आपला नसतो. ‘मी’चा पुन्हा ‘हा’ होतो, आणि अभिनवगुप्ताला हवा तसा आस्वाद तेवढा हाती लागतो.

तुलनाकारापुढे त्यामुळे संहितेचाच प्रश्न उभा राहतो. ‘प्रल्हादचरित्रम्’ची तेलुगू पदे लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत, त्यांचे संपादन होऊ शकते, पाठभेद नोंदवता येतात. संगणकीय खेळाचा संकेतही जतन करता येतो, जुने यंत्र नसले तरी त्याची नक्कल करणारी प्रणाली तो चालवून दाखवते. दोन्हींतून भय वगळले जाते. वगळले जाणारे हेच जर त्या कृतीचे मर्म असेल, तर मराठी अमलाखालील नाट्याचा इतिहास हस्तलिखितांच्या यादीवर उभा करण्याची आपली पद्धत अपुरी ठरते. सरस्वती महालात शहाजीची नाटके आहेत. मेलट्टूरचा मुखवटा देवळात आहे, आणि वैशाखातल्या त्या रात्रीसाठी नोकऱ्यांच्या शहरांतून रजा काढून गावी येणारे नट आणि गायक कोणत्याच सूचीत नाहीत. तो मुखवटा यंदा कोण घालणार आणि त्याला कोणी धरायचे, हे दर वर्षी त्यांच्यातच ठरते.